टाकी कुणी आणली नाही

त्या रविवारी शेल्टरच्या पत्र्याच्या गेटबाहेर इतक्या गाड्या लागल्या होत्या, की मागे अडकलेल्या डंपरवाल्याने खाली उतरून सगळ्यांना मिळून एक शिवी घातली. एरवी त्या रस्त्यावर खाणीचे डंपर, त्यांची धूळ आणि पाण्याचे टँकर यांच्याशिवाय कुणी फिरकत नाही. पण आदल्या दोन-तीन दिवसांत पुण्याच्या वाघोलीतल्या झाडून सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता. जागेची मुदत संपतेय, मालक वाढवायला राजी नाही, शेल्टर बंद पडणार, मुक्या जिवांसाठी जमेल ते करा. आणि माणसं खरंच आली होती. लहान मुलं घेऊन, आजी-आजोबांना घेऊन, डिक्क्या भरभरून. जुन्या चादरी, विटलेले टॉवेल, सोफ्याच्या गाद्या, बिस्किटांचे बॉक्स, बासमतीचं पोतं, घरच्या कुत्र्याने तोंड न लावलेल्या महागड्या खाण्याची अर्धी पिशवी, आदल्या रात्रीच्या रिसेप्शनमधले डबाभर गुलाबजाम. एका काकांनी कूलर आणला होता आणि तो चालू आहे हे दाखवून दिल्याशिवाय ते घरी जायला तयार नव्हते. एका तरुण मुलीने बाळाचा लाकडी पाळणा आणला. ‘माझ्या मुलाचा आहे, आता लागत नाही, एखाद्या पिल्लाला होईल,’ असं म्हणताना तिचा आवाज जरा भरून आला. कठड्यावर पोपटाचा स्टिकर तसाच होता.

मागच्या बाजूला, पत्र्याच्या आडोशाला, मावशी भल्यामोठ्या टोपात कणी ढवळत होत्या. तांदळाची कणी, कोंबडीच्या माना आणि पाय, मूठभर हळद, मीठ नाही. दीडशेच्या आसपास कुत्र्यांचं रोजचं जेवण. बर्नरची ज्योत पिवळी पडून फडफडत होती आणि मी तिथे पोचेपर्यंत विझलीच. मावशींनी टाकी आडवी केली, हलवली, परत उभी केली, काडी ओढून बघितली. मग माझ्याकडे वळून, कुणाबद्दल काही तक्रार नसल्यासारख्या, म्हणाल्या, “समदं आलं बघा ताई. टाकी तेवढी कुनी आनली न्हाई.”

तासाभराने मी निघाले तेव्हा टोप तीन दगडांवर चढला होता, खालचा जाळ चांगला धरला होता आणि त्या जाळातून पाळण्याचा एक पाय बाहेर आला होता.

पोपट अजून जळायचा होता.

ती मुलगी तोवर निघून गेली होती हे बरं झालं, एवढंच तेव्हा मनात आलं. घरी आल्यावर मात्र ते दृश्य डोक्यातून जाईना. मावशींनी काही वावगं केलं असं मला एकदाही वाटलं नाही. अर्धवट शिजलेली कणी दीडशे पोटांत गेली असती तर दुसऱ्या दिवशी हगवण निस्तरायला त्याच होत्या. त्या मुलीचंही काही चुकलं नव्हतं. पाळणा कुणी भंगारात द्यायला आणत नाही, जीव अडकलेला असतो त्यात. तिच्या भरून आलेल्या आवाजात काही खोटं नव्हतं, आणि मावशींच्या चुलीतल्या जाळातही नव्हतं. तरीही या दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की काहीतरी खुपत राहतं. ते काय, हे शोधण्यासाठी मी नंतर त्या जागी बऱ्याचदा गेले. कधी काही घेऊन, कधी नुसतीच.

शेल्टर म्हणजे मुरमाड जमिनीचा एक तुकडा, चहूबाजूंनी पत्रे, आत जाळीचे कप्पे, मधोमध एक कडुनिंब. ऑफिस म्हणायच्या खोलीत दत्ताची तसबीर आहे, पायाशी चार कुत्री आणि मागे गाय असलेली, आणि बरोबर तिच्याखाली लसींचा फ्रिज. आत शिरताना पहिल्यांदा फिनेल नाकात जातं, मग हळदीची उकळ, मग खरजेच्या औषधाचा गंधकासारखा वास, आणि या सगळ्याच्या तळाशी ओल्या केसांचा तो दमट वास, जो घरी येऊन आंघोळ केल्यावरही ओढणीला चिकटून राहतो. तिथे धडधाकट प्राणी फार थोडे. मागचे दोन्ही पाय गेलेली, अंग ओढत पुढे येणारी. डोळे नसलेली. डिस्टेंपरमधून वाचलेली पण आयुष्यभर मानेला हिसका बसत राहणारी. जखमेत अळ्या पडून कानामागे मुठीएवढा खड्डा झालेली आणि तो खड्डा आता गुलाबी भरत आलेली. शिवाय वीटभट्टीवर पाठ सोलवटून घेतलेली दोन म्हातारी गाढवं. जेजुरीला पौष पौर्णिमेच्या बाजारात गाढवांचा भाव पुकारला जातो तेव्हा दात बघतात. यांचे दात बघायला आता कुणी येणार नाही. आणि एक बैल, शिंगाच्या कॅन्सरने एक शिंग मुळापासून काढावं लागलेला. तो माणूस आला की उरलेलं शिंग हळूच जाळीला लावतो, खाजवून घ्यायला.

हे सगळं उभं केलं त्या बाईंना सगळे मॅडम म्हणतात. सत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, बोलणं थोडं फटकळ. कॉलेजची मुलं प्रोजेक्टसाठी येतात आणि विचारतात, तुम्हाला प्राण्यांबद्दल प्रेम कधीपासून? मॅडम म्हणतात, “प्रेमाचं राहू दे. लिहून घे. कणीचं पोतं, कोंबडीचे पाय, टँकर, वीज, रेबीजची लस, सलाईन, चार माणसांचे पगार.” मुलं लिहून घेत नाहीत. ती बैलाचा फोटो काढतात.

या जागेचं गाऱ्हाणं साधं आहे. शेल्टर गावाबाहेर होतं, गाव चालत त्याच्याकडे आलं. मॅडमनी पत्रे ठोकले तेव्हा आजूबाजूला नुसती ज्वारीची कोरडवाहू रानं होती. रात्री दीडशे कुत्री भुंकली तर ऐकायला कोण होतं? २०२१ साली वाघोली महापालिकेत आली, त्याच्या आधीपासूनच बिल्डरांचे फ्लेक्स लागलेले होते. आता शेल्टरच्या पत्र्यापासून हाकेच्या अंतरावर बारा-बारा मजल्यांच्या इमारती आहेत, त्यांतल्या एका इमारतीत आम्ही राहतो. आमच्या गॅलरीतून तो कडुनिंब दिसतो. पावसाळ्यात वाऱ्याची दिशा फिरली की कणीचा वासही येतो. आणि रात्री एक कुत्रा सुरू झाला की बाकीचे लागतात. आधी एक सूर, मग दुसरा, मग सगळा जथा, आणि मग कुठल्या तरी कारणाने एकदम सगळं थांबतं, तेव्हा आपण पूर्ण जागे झालेले असतो. आमच्याकडे रांजणगावच्या कंपनीची पहिली पाळी असते, पहाटे गाडी येते. सोसायटीतून तक्रारअर्ज फिरला तेव्हा यांनी सही केली. मी केली नाही. त्यामुळे आमच्या घरातली एक सही तक्रारीवर आहे आणि एक देणगीच्या पावतीच्या स्थळप्रतीवर. दोन्ही सह्या पूर्ण शुद्धीत केलेल्या. या विषयावरून आमच्यात भांडण झालेलं नाही, याचं लोकांना आश्चर्य वाटतं. झोप न होणाऱ्या माणसाशी भूतदयेवरून कसं भांडायचं?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये तर शेल्टर हा शब्द सगळ्यांच्याच तोंडी होता. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, परत सोडू नका असा आदेश दिला. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथे सोडा, रेबीजची किंवा हल्लेखोर असतील ती वगळून. या अकरा दिवसांत आमच्या ग्रुपवर जी लढाई झाली ती मी मुकाट्याने वाचली. कुत्र्यांना वैतागलेले म्हणत होते, टाका सगळी शेल्टरमध्ये. कुत्र्यांना खाऊ घालणारे म्हणत होते, आजारी-जखमींना शेल्टर हवंच. शेल्टर हवं यावर दोन्ही बाजूंचं एकमत होतं. ते कुठे हवं यावरही होतं: इथे नको. पार्किंगमध्ये एका डिलिव्हरीच्या मुलाच्या पोटरीचा लचका तोडला गेला होता, त्याची पाच इंजेक्शनं, त्याचा बुडालेला रोज, यांवर बोलणारी माणसं उगाच बोलत नव्हती. सगळी कुत्री शेल्टरमध्ये टाकायला मात्र खुद्द मॅडमचाच विरोध होता, गंमत अशी. “धडधाकट कुत्रं आयुष्यभर कोंडायला माझ्याकडे जागा नाही आणि इच्छाही नाही,” असं त्या म्हणायच्या. “ते त्याच्या गल्लीत असू दे, नसबंदीची खूण म्हणून कान कापलेलं, लस टोचलेलं. मला फक्त मोडकी पाठवा.” पण धडधाकट कुत्र्यांच्या पिल्लांनाही गाड्या उडवतात आणि मग तीही मोडकी होऊनच येतात.

मला लहानपणी शेल्टर हा शब्द माहीत नव्हता, पांजरपोळ माहीत होती. आत्या गिरगावात राहायची. मे महिन्यात गेलो की ती आम्हाला भुलेश्वरला न्यायची. बांगड्यांची दुकानं, फुलांच्या माळा, नकली दागिने, माणसाला माणूस घासत चाललेलं, आणि त्या गर्दीतून एका दारातून आत वळलं की एकदम गाईच गाई. शेणाचा आणि ओल्या गवताचा गार वास. वर चाळींच्या गॅलऱ्या, त्यांतून वाळत घातलेल्या साड्या, खाली गाई रवंथ करत बसलेल्या, जणू मुंबई हे त्यांच्या अंगणापलीकडचं काहीतरी आहे. आत्या पैसे देऊन गवताची पेंडी घ्यायची आणि आमच्या हातात काड्या काड्या वाटून द्यायची. गाईची जीभ तळहाताला लागली की कानशीलापर्यंत शहारा यायचा. संक्रांतीला इथे पाय ठेवायला जागा नसते, असं आत्या सांगायची.

ती पांजरपोळ निघाली मुळात कुत्र्यांपायी, हे मला पुष्कळ उशिरा वाचायला मिळालं. कंपनी सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला होता, दर कुत्र्यामागे आठ आणे. पैसे मिळतात म्हटल्यावर शिपाई ओट्यावरची, पाळलेली कुत्रीही ओढून न्यायला लागले. पारशांकडे मृताजवळ कुत्रा आणायचा विधी असतो. त्यांच्या दारातून कुत्रं उचलणं म्हणजे काय, याचा अंदाज साहेबाला आला नसावा. १८३२ च्या जूनमध्ये फोर्टात दंगा उसळला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. कुलाब्याच्या छावणीकडे जाणारं खाणं-पाणी अडलं, तेव्हा पलटण रस्त्यावर आली आणि धरपकड झाली. मग १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी यांनी मिळून भुलेश्वरची ती जागा उभी केली, भटकी-म्हातारी-लंगडी जनावरं ठेवायला. दंगा दोन दिवसांत शमला. ती जागा मात्र दीडशेहून जास्त वर्षं चालली आणि अजून आहे. मला कुतूहल त्या मधल्या वर्षांचं वाटतं. दंग्यातला त्वेष तर केव्हाच निवला असणार. मग रोज सकाळी चारा कोण आणत होतं? उत्तर अगदीच रुक्ष आहे. व्यापाऱ्यांनी कापसासारख्या मालाच्या उलाढालीवर आपणहून एक लागा बसवून घेतला होता. सौदा झाला की चिमूटभर रक्कम पांजरपोळीची. सौदा करताना गाय आठवायची गरज नव्हती.

हे वाचलं तेव्हा मला आजोबा आठवले. ते बार्शीला एका आडत्याच्या पेढीवर मुनीम होते. तुरीच्या, ज्वारीच्या हंगामात दुपारी पेढीवर गेलं की पोत्यांच्या थप्पीतून येणारा तो कोरडा, नाकात खवखवणारा वास, गादीवर पांढरं शुभ्र बैठकीचं कापड, आणि आजोबा मांडी घालून शेतकऱ्याची पट्टी लिहिताना. मालाची रक्कम वर. मग खाली वजावट: हमाली, तोलाई, आडत, आणि एक ओळ, धर्मादाय. अगदी किरकोळ आकडा. मी विचारलं, हे कशाला? म्हणाले, गावातल्या देवळाला, धर्मशाळेला, पांजरपोळीला. मग चष्म्यावरून दाराकडे बघत, शेठ जवळपास नाही याची खात्री करून, हळू आवाजात म्हणाले, “पैसा शेतकऱ्याचा, पुण्य शेठचं, आणि लिहून बोटं दुखणार माझी.” तेव्हा मी नुसती हसले होते. आज त्या ओळीबद्दल माझं मत एकाच वेळी दोन्हीकडे ओढलं जातं. ज्याच्या खिशातून जातंय त्याला न विचारता कापायचं, हे काही फार उदात्त नव्हे. पण त्या कापलेल्या पैशात एक गुण होता जो आपल्या त्या रविवारच्या डिक्क्यांमध्ये नव्हता. तो पुढच्या आठवड्यातही येणार होता.

शेल्टरमध्ये काय येतं आणि काय येत नाही, याचं एक गणित मला हळूहळू कळत गेलं. चादरी येतात. थंडी नसली तरी येतात. बिस्किटं येतात, कारण मुलांच्या हाताने भरवता येतात आणि फोटो छान येतो. पोळा, वसुबारस, पितृपंधरवडा या दिवसांत पुरणपोळ्या आणि भाताची पातेली येतात, आणि हे सगळ्यात वाईट. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात गोड, पिठूळ असं खूप काही एकदम गेलं की आत आम्ल वाढतं, जनावर फुगतं, खाली बसतं आणि कधी कधी उठतच नाही. बैलाला मॅडमनी त्यासाठी मागच्या कप्प्यात हलवलंय आणि पोळ्याच्या दिवशी त्या दारात खुर्ची टाकून स्वतः बसतात. बायका ताट घेऊन येतात, हळदीकुंकू, पुरणपोळी, वर तुपाची धार. मॅडम म्हणतात, कुंकू लावा, पोळी मला द्या. काही बायकांना त्याचा राग येतो. मला त्यांचा राग कळतो. वर्षानुवर्षं बैलाला घास भरवलेला हात आहे तो, आता बैल घरी उरला नाही, तर कुठे न्यायचा? त्या रविवारचे गुलाबजाम मावशींच्या नातवंडांनी संपवले, तेवढं बरं झालं.

आणि प्राणीही येतात. ते मात्र कुणी दिवसाउजेडी आणत नाही. पहाटे मावशी गेट उघडायला जातात तेव्हा कडीला काहीतरी बांधलेलं असतं. पोत्यात पिल्लं असतात. कधी डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला लॅब्रेडोर, गळ्यात महागडा पट्टा, त्यावरचा फोन नंबर घासून काढलेला. कोविडच्या दिवसांत हौसेने घेतलेली, आणि ऑफिसं सुरू झाल्यावर जड झालेली कुत्रीही अशीच आली. एक हस्की आहे, पुण्याच्या एप्रिलमध्ये दिवसभर ओल्या पोत्यावर पडून असतो. लोक गेटशी बांधताना सोबत पाण्याचं भांडं ठेवतात, काही जण चिठ्ठीही ठेवतात: याला कॅरट आवडतं. कुणीतरी दान दिलेल्या कॅमेऱ्यात एकदा एक पांढरी गाडी नीट दिसली होती, नंबरसकट. त्या रविवारी तीच गाडी चादरी घेऊन आली. मावशींनी मॅडमना कोपराने ढोसलं. मॅडमनी बघितलं, चादरी मोजून घेतल्या, पावती फाडली, आणि गाडीतल्या मुलीला विचारलं, “कुत्रा बघायचाय का? तिसऱ्या कप्प्यात आहे.” मुलीने आईकडे बघितलं. आई म्हणाली, आम्हाला उशीर होतोय.

मी त्या बाईला मनातल्या मनात नावं ठेवायचा बराच प्रयत्न केला. जमलं नाही पुरतं. टाकून द्यायला ती नदीकाठी गेली नव्हती, इथे आली होती. आणि शेल्टर बंद होतंय हे कळल्यावर पुन्हा इथेच आली होती.

वाचवायचं म्हणजे काय करायचं, हे ठरवायला सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सभा झाली. गर्दी चांगली होती. एका गृहस्थांनी एकनाथांची गोष्ट सांगितली. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात कशी रिकामी केली ती. सांगितली फार सुंदर, दोन-तीन जणांनी डोळे पुसले. मागच्या खुर्चीवर टँकरवाला बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो थकलेलं बिल मागायला आला होता आणि मॅडम इथे आहेत कळल्यावर इकडेच येऊन बसला. गोष्ट त्यालाही आवडली असावी, मान हलवत होता. संपल्यावर त्याने मॅडमना बाहेर गाठलंच. मग क्राउडफंडिंगचा व्हिडिओ कुणी करायचा यावर बोलणं झालं. त्यात हस्की घ्यायचा की पाय नसलेलं पिल्लू, यावर अर्धा तास गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने देशी गाईला राज्यमाता ठरवलं आणि गोशाळेतल्या देशी गाईमागे दिवसाला ५० रुपये अनुदान ठरवलं, तसं कुत्र्यांना का नाही, असं एकाने विचारलं. त्याला दुसऱ्याने, कुत्र्याला राज्यमाता करा मग, असं म्हटलं आणि हशा झाला.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका शेवटी उठले. सभेला यायच्या आधी ते शेल्टरमध्ये जाऊन दोन दिवस मॅडमच्या वह्या चाळून आले होते. त्यांचं म्हणणं फार थोडं होतं. दर महिन्याला २०० रुपये, खात्यातून आपोआप वळते होतील असे. पावती वर्षाच्या शेवटी एकच. ते पैसे वीज, टँकर, टाकी आणि पगार यांवर जातील, कुठल्याही एका प्राण्यावर नाही. एका मुलीने विचारलं, मग आम्ही एखाद्या कुत्र्याला नाव देऊ शकतो का? काका म्हणाले, नाव द्या हवं तर, पण तुमचे पैसे त्याच्या वाट्याला येतीलच असं नाही, मोटर जळली तर मोटरला जातील. सभेतला उत्साह तिथे चटकन खाली बसला. एकनाथांच्या गाढवापुढे जळालेली मोटर टिकणार कशी! तरी काही हात वर झाले. भाषण करणारे गृहस्थ, कूलरवाले काका, आमच्या मजल्यावरची एक नर्स. पाळणावाली मुलगीही होती. तिला पाळण्याचं कुणी सांगितलेलं नाही. मी तिच्या शेजारीच बसले होते आणि तिने मला विचारलं, पिल्लं झोपतात का त्यात? मी म्हटलं, मावशींना उपयोग झाला त्याचा. हे खोटं नव्हतं.

व्हिडिओही झाला, हस्कीचा. त्यातून एकदम बरी रक्कम आली आणि ती थकबाकीत एकदम संपली.

जागेच्या मालकाबद्दल ग्रुपवर लोकांनी बरंच वाईट लिहिलं. मी त्याला भेटले तेव्हा तो चाळिशीतला, पायात चप्पल, गाडी मात्र मोठी असलेला माणूस निघाला. त्याच्या वडिलांनी मॅडमना जमीन तोंडी शब्दावर दिली होती, भाडं नावापुरतं. रस्त्याकडेच्या सगळ्यांनी आपापली जमीन विकली, यांची तेवढी राहिली. आता भावकीत वाटण्या चालल्या आहेत, चुलत्याला रोख हवी आहे. “तुम्ही सगळे फ्लॅटवाले,” तो म्हणाला, “तुमची बिल्डिंग पण माझ्या आत्याच्या जमिनीवरच हाय. तिला कुनी म्हनलं का, नका इकू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी त्याने अकरा महिन्यांचा करार करून दिला, भाडं तिप्पट. मॅडमनी सही केली. अकरा महिन्यांनी काय, असं कुणी विचारलं की त्या म्हणतात, तोवर गुडघा टिकला तर बघू. सासवडच्या बाजूला कुणीतरी जागा दाखवतो म्हणालंय. तिथेही आजूबाजूला सध्या नुसती रानं आहेत.

काकांची वही आता महिन्याच्या पाच तारखेला गेटपाशी येते. पहिल्या महिन्यातली बरीच नावं पुढे गळली, थोडी नवी आली, एकूण आकडा वर-खाली होत साधारण टाकी, टँकर आणि विजेपुरता पोचतो. पगार अजून मॅडमच्या पेन्शनमधून निघतो. मध्यंतरी मावशींचे दोन महिन्यांचे पैसे राहिले होते, तेव्हा त्या गावी, किनवटकडे, जाऊन आल्या आणि परत आल्या. का परत आलात विचारलं तर म्हणाल्या, तिकडं बी उजाडच हाय, आन् हितं निदान टोप हाय माझा.

वहीत न लिहिलेला एक देणगीदार आहे. दर महिन्याला रोख देतो, पावती घेत नाही, आयकराची सवलत नको म्हणतो. काका त्याचं नाव सांगायला तयार नव्हते, पण मावशींच्या पोटात काही राहत नाही. भुंकण्याच्या तक्रारअर्जावर पहिली सही ज्यांची आहे, तेच. अर्ज त्यांनी मागे घेतलेला नाही, घेणारही नाहीत. आईला रात्रभर झोप लागत नाही, हे त्यांचं म्हणणं अजून तसंच आहे. सुनावणी येत्या महिन्यात आहे. ते तक्रारदार म्हणून जाणार आहेत, आणि टँकरचे पैसे आदल्या दिवशी देऊन ठेवतो म्हणाले, कारण त्या दिवशी किती वेळ लागेल सांगता येत नाही.